बेदाण्यावरची राख

लोणंद

गोंदियाहून निघालेली गाडी लोणंदला पोचेपर्यंत मी बहुतेक वेळ झोपलेलीच होते, त्यामुळे वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उतरले तेव्हा मार्चचं ऊन चढलेलं होतं आणि स्टेशनाबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली होती.

माझी मुलगी वर्षा आणि जावई विक्रम इथे राहतात. तो खंडाळ्याच्या बाजूला एका कारखान्यात कामाला, ती लोणंदमध्येच. लग्न पुण्यात झालं, त्यामुळे मुलीचं सासर, म्हणजे तासगाव तालुक्यातला त्यांचा द्राक्षमळा, मी अजून पाहिला नव्हता. "बेदाण्याच्या हंगामात या," असं विहीणबाई दर वर्षी फोनवर म्हणायच्या. पण तेव्हाच आमच्या गिरणीवर भात भरडायची गर्दी असते. माझी भाताची गिरणी आहे. आधी आम्हा दोघांची होती, आता एकटीची. यंदा ती मुनीमजींवर सोडली आणि घरचा चिन्नोर तांदूळ बांधून घेऊन निघाले.

संध्याकाळी वर्षाबरोबर गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. विक्रमच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे बारीक कण पडले होते. हात लावला की रेघ उमटायची. आमच्या गिरणीच्या कोंड्याची राख अशीच शेजाऱ्यांच्या वाळवणावर पडते आणि त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. त्यामुळे कुणाच्या कपड्यांवर राख दिसली की मी आपोआप गप्प बसते.

"ती बघ आई," वर्षा म्हणाली. दूर डोंगराच्या उतारावर एक नारिंगी रेघ वाकडीतिकडी वर सरकत होती.

आमच्याकडे जंगलाला आग लागते ती अशी दिसत नाही. उंच झाडं, खाली पाचोळा; आग पाचोळ्यातून धुमसत जाते आणि आपल्याला झाडांमधून फक्त धूर दिसतो. इथला डोंगर उघडा. गुडघाभर वाळलेलं गवत आणि आग त्यावरून पळत जाते. लांबून पाहिलं तर सुंदर दिसते, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दिसते.

"रोजचंच हाय आई," विक्रम मागून आला. "गवत जाळत्यात. पुढच्या पावसात चांगलं फुटतं म्हणून."

"कोण जाळतात?" मी विचारलं.

"ते कुणी सांगत नाही."

खाली जाता जाता वर्षाने सांगितलं, की तिच्या सासरीही सध्या डोंगरावरूनच धुसफूस चालू आहे. मळ्याला लागून जंगलखात्याचा डोंगर आहे, तो दर उन्हाळ्यात पेटतो आणि राख शेडमधल्या बेदाण्यावर येते. सासऱ्यांनी गावातल्या बागायतदारांना बरोबर घेऊन मागणी केली आहे, की डोंगर चराईला पूर्ण बंद करा. त्यावर ग्रामसभा व्हायची होती.

"आणि सासूबाई?"

"त्या काही बोलत नाहीत. म्हणूनच मला भीती वाटते," वर्षा म्हणाली.

घाटात

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रमच्या गाडीतून निघालो. सालप्याच्या घाटात ठिकठिकाणचे उतार जळून काळे पडले होते. काही जागी दगड तेवढे पांढरे दिसत होते. मध्येच एखाद्या न जळलेल्या पट्ट्यात गवत पिवळंधमक उभं होतं, आणि त्या पट्ट्याकडे पाहूनच कळायचं, की बाकीचा डोंगरही चार दिवसांपूर्वी असाच होता.

एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या. रस्त्यावर धूर उतरला होता आणि पुढचं काही दिसत नव्हतं. लष्करी रंगाची जुनी पँट घातलेला एक पन्नाशीचा माणूस मोटारसायकल आडवी लावून रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि दोन्ही बाजूंची वाहनं हाताने थोपवत होता. त्याने एसटीतले पाच-सात प्रवासी खाली उतरवले, झाडाच्या ओल्या फांद्या तोडायला लावल्या आणि सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. विक्रमही गेला. मी गाडीतून उतरून बघत राहिले. एक ठिणगी उडून माझ्या पदरावर बसली आणि मसुरीच्या दाण्याएवढं भोक पाडून विझली.

"आवं काकू, गाडीत बसा की!" तो माणूस ओरडला. "हितं आमी गवत इझवायचं का तुमची साडी?"

मी गाडीत बसले. रस्त्याकडेची आग विझायला फार वेळ लागला नाही. वरची मात्र तशीच चढत राहिली, तिच्यामागे कुणी गेलं नाही. माणसं घाम पुसत परत आली आणि तिथेच वाद सुरू झाला.

"दरसाल जळतंय, दरसाल उगवतंय," एसटीतला एक धोतरवाला म्हातारा म्हणाला. "आमच्या बापजाद्यांपासनं चाललंय. डोंगर कुटं गेलाय का?"

"डोंगर न्हाई गेला, माती गेली," लष्करी पँटवाला म्हणाला. "मी फौजेत व्हतो तवा हिमाचलात पेटलेलं जंगल बघितलंय. तितं झाडं जळताना दिसत्यात, म्हणून लोक हळहळत्यात. हितं गवताखाली बोटाएवढी रोपं असत्यात. ती कुणाला दिसतच न्हाईत."

"मग जनावरानं खायाचं काय? कुसळं?"

"आन् उनाळा किती वाढलाय, ते बी बघा की."

"उनाळा काय आमी वाढवलाय व्हय?"

यावर लष्करी पँटवाल्याने काहीतरी उत्तर दिलं, पण कंडक्टरने बेल मारली, म्हातारा चढला आणि वाद अर्धाच राहिला. साताऱ्यापर्यंत विक्रमच्या अंगाला धुराचा वास येत होता. कऱ्हाडच्या पुढे ऊस सुरू झाला तशी हिरवळ आली आणि काळे डोंगर जणू कुठे नव्हतेच. एका शेतात मात्र तोडलेल्या उसाचं पाचट जळत होतं आणि त्याचा धूर रस्त्यावर आला होता. विक्रमने काच वर केली. तिथे थांबून विझवायला कुणी उतरलं नाही. तो ज्याच्या त्याच्या शेताचा धूर.

मळ्यावर

व्याह्यांचं घर गावात नाही, मळ्यात आहे. घरामागे द्राक्षाची बाग, बागेमागे बेदाण्याची शेड आणि शेडच्या मागे तो डोंगर. विहीणबाईंनी, म्हणजे शालनताईंनी, दारात माझ्या पायावर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्या ठेंगण्या, चटपटीत, बोलायला कमी. व्याही आनंदराव उंच, आवाज खणखणीत. पहिल्याच वाक्यात त्यांनी विचारलं, "घाटात आग लागली हुती का?"

जेवायला शाळूची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, ताकाची कढी. मी भाताच्या मुलखातली; भात अगदी शेवटी आणि मूठभर वाढलेला पाहून मला वाटलं, संपला असावा. वर्षा हसली. तिलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. मी आणलेला चिन्नोर शालनताईंनी वासानेच ओळखला आणि म्हणाल्या, "ह्यो रोज न्हाई शिजवायचा. कुणी आलं-गेलं तरच."

उन्हं कलल्यावर आनंदरावांनी शेड दाखवली. ही लांबलचक, वरून पत्रा आणि बाजूंनी उघडी, वारा खेळावा म्हणून. आत एकावर एक जाळ्यांचे मजले बांधलेले, आणि त्यांवर द्राक्षं पसरलेली. द्रावणात बुडवून टाकलेल्या ताज्या घडांपासून मधासारख्या रंगाच्या वाळत्या मण्यांपर्यंत सगळ्या पायऱ्या एकाच शेडमध्ये दिसत होत्या. बायका हाताने जाळ्या हलवत होत्या. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कागदाने बंद केलेली खोली होती. तिथे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, रंग पिवळा राहावा म्हणून.

"म्हणजे हा धूर चालतो," मी म्हटलं.

"ह्यो आपण दिलेला धूर," आनंदराव म्हणाले. "मापानं. डोंगराच्या धुराला माप हाय का?" मग त्यांनी जाळीवरून एक मणी उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा ओला असतोय, चिकट. राख बसली की धुऊन बी निघत न्हाई. वर्सभर बाग सांभाळायची आणि शेवटच्या पंधरवड्यात कुणीतरी काडी वढायची. मी काय वाईट मागतोय का, सांगा विहीणबाई? डोंगर बंद करा. झाडं वाढू द्या. पाऊस बी सुधारंल."

ते खोटं बोलत नव्हते, आणि आवाजात त्रागाही नव्हता. मला ते पटलं.

दिवस बुडायच्या सुमारास बागेच्या कडेने मेंढ्या आल्या. त्यांच्यामागे हिरवं लुगडं नेसलेली, काठी घेतलेली एक उंच, काळीसावळी बाई होती. शालनताईंच्याच वयाची असावी. ती मायाक्का. द्राक्षं उतरवलेल्या बागेत तिची मेंढरं मुक्कामाला बसवलेली होती, लेंड्या-मुताचं खत मिळावं म्हणून. शालनताईंनी चहा आणला आणि दोघी बांधावर बसल्या. आनंदराव शेडमधून बाहेर आले नाहीत.

"ह्या आमच्या विहीणबाई. लय लांबनं आल्यात. जंगलातनं," शालनताईंनी माझी ओळख करून दिली.

"जंगलातनं?" मायाक्काने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मग तुमच्याकडं मेंढरं असतील."

"शेळ्या आहेत. मेंढ्या फार नाहीत."

"आन् जंगलात चरायला देत्यात?"

"काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही," मी म्हटलं.

"हितं बी आता तसंच व्हणार म्हणत्यात." ती शालनताईंकडे बघून म्हणाली. शालनताईंनी चहाचा कप उचलला.

डोंगर

त्यानंतरच्या एका दुपारी डोंगर पेटला. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

आम्ही जेवून ओसरीवर टेकलो होतो. वर्षाने मान वर करून हुंगलं, आणि तेवढ्यात शेडमधून एक बाई ओरडत आली. डोंगराच्या उजव्या खांद्यावरून धूर निघत होता. वारा आमच्या बाजूला होता.

मला वाटलं होतं, सगळे डोंगराकडे धावतील. सगळे शेडकडे धावले. बाजूंना गुंडाळून ठेवलेले हिरव्या जाळीचे पडदे सोडायचे, खालून दगड ठेवायचे, ओली पोती टांगायची. शालनताई भराभर सांगत होत्या आणि बायका करत होत्या. मीही पोती भिजवली. आनंदराव आणि विक्रम मात्र घमेली, कुदळ घेऊन वर गेले, बागेच्या आणि गवताच्या मध्ये माती ओढायला. गावातून दहा-बारा माणसं आली. जंगलखात्याची गार्ड मोटारसायकलवरून आली. तरुण मुलगी, पाठीवर आगीपुढचा पाला उडवायचं यंत्र. ते पाठीवर घेऊनच ती उतार चढत होती.

राख आलीच. पडद्याला मोठी भोकं नव्हती, पण राखेला मोठं भोक लागत नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे येतात तशी ती हळूहळू तरंगत आली आणि वरच्या मजल्यावरच्या जाळ्यांवर बसली. ती झटकायला गेलं की आणखी चोळली जायची. शालनताई म्हणाल्या, "हात लावू नगा. बसू द्या." आणि पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आग शेडपासून बरीच वर विझली. जंगलखात्याने लावलेली कोवळी रोपं होती तो पट्टा निम्मा गेला. आनंदराव खाली आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी शेडमध्ये एक फेरी मारली, वरच्या जाळीवरचा बेदाणा हातात घेतला, ठेवला आणि सरळ बागेच्या कडेला गेले. मायाक्का मेंढ्या गोळा करून उभी होती. तिच्याही हातात अर्धी जळालेली फांदी होती.

"झालं समाधान?" ते ओरडले. "उद्या सभा, आणि आज पेटवलास!"

"मी न्हाई पेटवला, अण्णा."

"मग कुणी? मेंढरांनी?"

"मला ठावं न्हाई. मी पल्याडच्या वढ्यात व्हते. धूर दिसला तशी इझवाय आले."

"उद्या सकाळी मेंढरं हितनं उठली पायजेत."

गावातली माणसं बघत होती. मायाक्काने फांदी खाली टाकली, चप्पल पायात सरकवली आणि मेंढ्यांना हाक घातली. शालनताई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि वर्षाला त्यांच्या गप्प राहण्याची भीती का वाटत होती ते मला समजलं.

ग्रामसभा

सभा देवळासमोरच्या पत्र्याच्या मंडपात होती. पाहुण्यांनी जावं की नाही, याचा मी विचार करत होते, पण शालनताई म्हणाल्या, "चला. घरात बसून काय करताय?" बायका एका बाजूला, आम्ही त्यांच्यात बसलो. मायाक्का खांबाला टेकून बाहेरच्या बाजूला बसली होती. तिच्याबरोबर तिचे दोन दीर होते.

आधी आनंदराव बोलले, चांगलं बोलले. धूर, राख, जळालेली रोपं, आटलेल्या विहिरी, सगळं एकामागून एक. मग खताबियाण्याचं दुकान चालवणारा एक तरुण उठला. त्याने मोबाइलवर परदेशातल्या पेटलेल्या जंगलांचे व्हिडिओ पाहिले होते. तिकडे शहरंच्या शहरं धुरात बुडाली, हे सगळं हवामानबदलामुळे, असं त्याने सांगितलं.

"तिकडल्या हवेचं तू हितं कशाला सांगतुयास?" मागून एक आजोबा म्हणाले. "ह्यो डोंगर काडीनं पेटला."

"काडीनंच पेटला, आजोबा. पर आदी इतका पेटत नव्हता. थंडीतनंच गवत वाळाय लागलंय."

"ते बी खरं," आजोबांनी लगेच मान्य केलं.

गार्डला विचारलं गेलं, आग कुणी लावली. ती उभी राहिली. रात्रभर झोपली नसावी. "वीज पडली नाही, तार तुटली नाही. म्हणजे माणसानंच लावली किंवा माणसाच्या हातून लागली. पण तो माणूस कोण, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी नाव लिहिणार नाही," ती म्हणाली.

"मेंढक्यांशिवाय कुणाचा फायदा हाय?" कुणीतरी ओरडलं.

तेव्हा मायाक्का बसल्या जागेवरूनच बोलली. "फायदा व्हय. कुसळ मेंढीच्या तोंडात शिरतंय, कातड्यात शिरतंय, मेंढी सडून मरती. म्हणून आमचं सासरं गवत जाळायचं. खोटं कशाला सांगू? आता आमी जाळत न्हाई, कारण जाळलं की तुमी आमालाच मारताय. काल मी जाळलं न्हाई. देवापुढं हाय मी."

मंडपात गलका झाला. सरपंच हात वर करून बसवत होते. तेवढ्यात आनंदरावांनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या विहीणबाई गोंदियाच्या. तिकडं मोठमोठी जंगलं हायत. त्यांना विचारा, तिकडं जंगल राखायचं कसं चालतंय ते."

सगळ्या माना वळल्या. मुलीच्या सासरच्या गावात, भर सभेत, व्याह्याच्या बाजूने बोलावं लागेल अशी वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी उठले. "आमच्याकडेही लोक आग लावतात," मी म्हटलं. "मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला साफ करायचा म्हणून. मनाई होती तेव्हाही लावायचे, चोरून. एका गावाने झाडांखाली जाळ्या बांधल्या, फुलं जाळीत पडतात, तिथे जाळायची गरज उरली नाही. बाकी गावांत अजून जाळतात. मला एवढंच माहीत आहे."

मी बसले. आनंदरावांना जे हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं, आणि मायाक्काच्या दिरांनाही माझं बोलणं चोरून आग लावल्याचा आळ घेतल्यासारखं वाटलं असावं; त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. एका वाक्यात दोन्हीकडून वाईट होणं मला नवं नाही.

मग माझ्या शेजारून शालनताई उठल्या. पदर खोचलेला. त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या, हे बायकांच्या कुजबुजीवरून कळलं.

"डोंगर बंद करू नगा," त्या म्हणाल्या.

आनंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "शालन, खाली बस."

"बसते. बोलून बसते." त्या मंडपाकडे वळल्या. "आमच्या बागेत दरसाल मायाक्काची मेंढरं बसत्यात. त्या खतावर आमची द्राक्षं हायत. छाटणी झाली की काड्या आमी बांधावर जाळतो, त्याचा धूर कुणाच्या घरात जातो? उसाचं पाचट कोण जाळतंय? ते सगळं हितंच बसलंय. डोंगराला मेंढरू लागलं न्हाई तर गवत आणखी उंच वाढंल, आणखी पेटंल. दिवाळीनंतर गवत वलं असतंय, कुसळ धरायच्या आत खालची बाजू चरू द्या. रोपं लावलेली वरची बाजू बंद करा. आणि मधी जाळरेषा काढा, गवत उपटून नुसत्या मातीची, रुंद. ती खात्याच्या एका पोरीनं काढायची न्हाई. दर घरातनं एक माणूस."

आणि शेवटी, "बेदाणा माझा बी काळा झालाय काल. पर बघितल्याबिगर कुणाचं नाव घेऊ नगा."

त्या बसल्या. मी त्यांचा हात धरला. आनंदराव समोर जमिनीकडे पाहत होते. भर सभेत बायकोने खोडून काढलेला माणूस कसा दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं, आणि मला त्यांचंही वाईट वाटलं; कारण त्यांनी मागितलेलं वाईट नव्हतंच.

पुढे बराच वेळ गेला. गार्ड म्हणाली, चराईची परवानगी ती देऊ शकत नाही, वर विचारावं लागेल. पण जाळरेषेला तिची ना नाही, गवत-माती ओढायला माणसं मिळाली तर तिला हवीच आहेत. शेवटी हात वर झाले. डोंगर पूर्ण बंद करायच्या बाजूने बरेच होते; शालनताईंच्या बोलण्याच्या बाजूने थोडे जास्त. त्यात बायकांचे हात पुष्कळ होते.

सभेनंतर

विक्रम कामावर हजर व्हायला सभेआधीच लोणंदला निघून गेला होता. आनंदराव शेडमध्ये जाऊन बसले. दुपारचं ताट वर्षा तिथेच घेऊन गेली. शालनताईंनी माझा चिन्नोर शिजवला, त्याचा वास घरभर पसरला आणि आम्ही तिघींनी तो खाल्ला. भात उत्तम झाला होता. हे मी सांगितलं तेव्हा शालनताई म्हणाल्या, "मीठ इसरले मी." खरंच विसरल्या होत्या.

मेंढ्या बागेतून उठल्या नव्हत्या. आनंदरावांनी उठा म्हणून पुन्हा सांगितलं नाही. बसा असंही सांगितलं नाही.

सकाळी उजाडताच शालनताई खुरपं आणि विळा घेऊन निघाल्या. जाळरेषेचं काम त्याच दिवसापासून सुरू करायचं ठरलं होतं. त्या उंबऱ्यात पोचल्या तेव्हा आनंदराव कुदळ खांद्यावर टाकून अंगणात उभे होते.

"घरातनं एकच माणूस जायचं ठरलंय न्हवं?" ते म्हणाले.

"व्हय. म्हणून निघाले."

"कुदळीचं काम हाय ते. विळ्यानं व्हायचं न्हाई."

"मग तुमी जावा."

"तू ठरवलंस, आणि मी जाऊ?"

"आवं, मग न्हाई तर दोघं जाऊया," शालनताई म्हणाल्या. "शेडला वर्षा हाय, विहीणबाई हायत."

आनंदरावांनी कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. ते पुढे निघाले आणि त्या मागून. दोघांमध्ये बरंच अंतर होतं आणि ते डोंगराच्या पायथ्यापर्यंत तसंच राहिलं. मग शेडमधून मला वर ओळीने वाकलेली माणसं दिसत राहिली. गवत उपटून, माती ओढून, डोंगराच्या पोटावर एक तपकिरी पट्टी हळूहळू उमटत होती. मायाक्का आणि तिचे दीरही होते. कोण कोणाशी बोलत होतं, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

आम्ही दोघी दिवसभर बेदाणा हलवत राहिलो. वरच्या मजल्याचा काळा माल वेगळा काढला. तो कमी प्रतीचा म्हणून वेगळा जाणार होता. मी मूठभर तोंडात टाकला. गोड होता, नंतर जिभेवर किंचित कडवटपणा राहिला.

निघताना आनंदरावांनी मला चांगल्या बेदाण्याची पिशवी दिली आणि म्हणाले, "सभेत तुमाला मधी वढलं, ते चुकलं माझं." मी म्हटलं, काही नाही जी, आम्हाला सवय आहे. शालनताईंनी मला साडी नेसवली. पदराला भोक पडलेली साडी त्यांनी काढून ठेवून घेतली, रफू करून पाठवते म्हणाल्या.

घरी परतल्यावर

मोहाचा हंगाम संपत आला तेव्हा शालनताईंचा फोन आला. चराईची परवानगी अजून वरून आलेली नव्हती. डोंगर पुन्हा पेटला होता, यावेळी पलीकडच्या गावाच्या बाजूने. जाळरेषेवर आग बहुतेक ठिकाणी थांबली. घळीजवळ, जिथे पट्टी अरुंद राहिली होती, तिथून ओलांडली. नव्या रोपांचा आणखी एक तुकडा गेला. बेदाणा तोवर उचलून शीतगृहात गेला होता, त्यामुळे शेड रिकामी होती.

"मग आनंदराव गेले नसतील विझवायला," मी म्हटलं.

"गेलं की. दिवस मावळंस्तोवर वरच हुतं. भुवया जळाल्यात." त्या हसल्या. "मायाक्काबी हुती."

"आणि यावेळी कुणी लावली म्हणतात?"

फोनमध्ये मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"कुणास ठावं," शालनताई म्हणाल्या. "ह्या बारीला त्यांनी कुणाचंच नाव घेतलं न्हाई. घरी आलं, अंघूळ केली आणि म्हणालं, घळीपाशी पट्टी रुंद काढाय पायजे."